जीर्णोद्धार कीं परिवर्तन?

जुनें देऊळ पडावयास आलें म्हणजे त्याचा जीर्णोद्धार करतात. जुन्या पोथीचा पाठ भ्रष्ट झाला म्हणजे अनेक हस्तलिखितें ताडून तो शुद्ध करतात. ह्या दोन्ही कामांत कर्त्याला स्वतःची हौस बाजूस ठेवावी लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या परिश्रमाचा दंडक एवढाच होता कीं, मागाहून घुसलेलें काढावें, मूळचें राखावें, आणि आपल्या पदरचा एकहि श्लोक त्यांत घालूं नये. परंतु यंत्राचें काय? यंत्र झिजलें तर त्याला मूळ पदावर आणून सोडावें, कीं मुळाहून अधिक समर्थ करावें? हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरांत उभा राहिला. आणि तो केवळ यंत्राचा नव्हता हें मला फार उशिरां उमगलें. आज ना उद्यां असा प्रसंग कोणत्याहि एकत्र कुटुंबावर येण्यासारखा आहे, म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर ‘दादा’ म्हणे, त्यांनीं १९९६ सालीं मारुति ८०० ही मोटार घेतली. घरांतील आजाऱ्यांना गोंदियाहून नागपूरच्या इस्पितळांत तिनेंच नेलें, दोन पुतण्यांच्या वराती तिच्यांतून आल्या, आणि दादांचा पहिला नातू जन्मला तेव्हां तोहि तिच्यांतूनच घरीं आला. दादांना जाऊन आतां सहा वर्षें झालीं. मागल्या दोन वर्षांत ती गाडी निळसर धूर सोडूं लागली. पेट्रोल अपुरें जळलें तर धूर काळा येतो. निळा आला तर पिस्टनाच्या कड्या, ज्यांना मिस्त्री लोक ‘रिंगा’ म्हणतात, त्या झिजून वंगणाचें तेल वर चढत आहे व जळत आहे असें समजावें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व तदनंतर दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते. ती मुदत जवळ आली होती, आणि असा धूर ओकणारी गाडी तपासणींत उतरणें शक्य नव्हतें.

माझ्या पुतण्याचें मत सरळ होतें. “काका, भंगारांत देऊन टाकूं. जितका खर्च करूं तितकी तिची किंमतहि उरलेली नाहीं,” असें तो म्हणाला. हिशेब बिनचूक होता. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. फक्त त्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं गाडीवरची धूळ आपल्या हातांनीं पुसली. तें पाहून पुतण्याचा मुलगा, जो नागपुरास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो, मजकडे आला व म्हणाला, “आजोबा, तुम्ही बाबांना सांगा. सुटींत मी हें इंजिन उघडतों. नुसतें दुरुस्त नाहीं करणार. जपानी लोक जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचीं इंजिनें बांधतात तसें, दुप्पट ताकदीचें बांधीन.”

मी जन्मभर शब्दरूपें व समास शिकविले. इंजिनाविषयीं माझें ज्ञान लहानपणीं धानाच्या गिरणींतील तेलाच्या इंजिनाचा ठोका ऐकण्यापलीकडे गेलेलें नव्हतें. तथापि विद्यार्थी एकादी गोष्ट करूं म्हणतो तेव्हां तिची उपपत्ति त्याच्या तोंडून ऐकून घ्यावी ही मास्तरकीची जुनी खोड असल्यामुळें मीं त्याला वही घेऊन बसविलें. पुढील आठ दिवसांत मीं जें ऐकलें तें वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरीं अशीं हौशी मुलें आहेत त्यांना, जाणून घेण्याजोगें वाटेल.

होळीच्या पिचकारीची कल्पना करावी. नळी म्हणजे सिलेंडर, दट्ट्या म्हणजे पिस्टन. दट्ट्या खालीं येतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. वर जातांना तें दाबलें जातें. ठिणगी पडून तें जळतें व दट्ट्याला खालीं लोटतें. पुनः वर जातांना जळका वायु बाहेर टाकला जातो. ह्या चार धांवांपैकीं एकच कमाईची. बाकीच्या तीन खर्चाच्या. दट्ट्याची खालीं-वर गति क्रँक ह्या वांकड्या दांड्यामुळें चाकाच्या फिरत्या गतींत बदलते. आतां बळ वाढवावयाचें तर अधिक मिश्रण आंत घेतलें पाहिजे, अधिक दाबलें पाहिजे, किंवा हा फेरा मिनिटांत अधिक वेळां झाला पाहिजे. सारी इंजिनविद्या ह्या तीन वाक्यांचा विस्तार आहे, असें तो मुलगा म्हणाला, व तें मला पटलें.

जपानच्या निसान कारखान्यानें १९६९ सालीं ‘फेअरलेडी झेड’ नांवाची दोन आसनांची मोटार काढली. परदेशीं ती ‘डॅटसन २४० झेड’ ह्या नांवानें गेली. तिचें एल-२४ हें इंजिन सहा सिलेंडरांचें. प्रत्येक सिलेंडराचा व्यास ८३ मिलिमीटर व पिस्टनाची धांव ७३.७ मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्याला धांवेनें व सहांनीं गुणलें असतां २३९३ घनसेंटिमीटर आकारमान येतें. ‘२४०’ हा आंकडा त्यावरूनच आलेला आहे. मीं तो गुणाकार स्वतः करून पाहिला. त्याच वर्षीं ह्या मोटारीचा आणखी एक भेद निघाला, त्याचें नांव ‘झेड ४३२’. ह्या नांवाचा उलगडा झाला तेव्हां मला व्याकरणांतील प्रत्याहारांची आठवण होऊन मौज वाटली. प्रत्येक सिलेंडराला ४ व्हॉल्व्ह, एकंदर ३ कार्बुरेटर व २ कॅमशाफ्ट, म्हणून ४३२. तीन अंकांत इंजिनाची सारी रचना सांगून टाकली आहे.

ह्या जातीच्या जुन्या मोटारी हौशी लोक आजहि बाळगतात व त्यांचीं इंजिनें पुनः बांधतात. त्यांतील एक कृति अशी आहे. ह्याच कुळांतील पुढचें इंजिन एल-२८. त्याचा व्यास ८६ व धांव ७९ मिलिमीटर, आकारमान २७५३ घनसेंटिमीटर. त्याचा क्रँक काढून त्या जागीं एल-डी-२८ ह्या डिझेल इंजिनाचा क्रँक बसवितात. हें डिझेल इंजिन निसाननें घरगुती चालीच्या शांत मोटारींसाठीं केलेलें. पण त्याचा क्रँक ८३ मिलिमीटर धांव देतो. सिलेंडर कोरून व्यास ८९ करतात. गणित करावें, ३०९८ घनसेंटिमीटर येतात. म्हणजे शर्यतीच्या घोड्याला बैलाचें हाड बसवून त्याची ढांग लांब केली! डिझेल इंजिनांत दाब मोठा असतो, म्हणून त्याचे अवयव दणकट असावे लागतात. तो दणकटपणा येथें कामास येतो. धानाच्या गिरणींतील ज्या संथ इंजिनाकडे आपण कधीं मान वळवून पाहत नाहीं, त्याच्या जातीच्या अवयवावर शर्यतीची मोटार उभी राहावी, ही गोष्ट मला फार बोधप्रद वाटली.

परंतु ह्यांत मेख अशी आहे कीं, धांव लांबली म्हणजे पिस्टन पूर्वीपेक्षां वर येऊन हेडावर आदळेल. म्हणून पिस्टन किंवा त्याला जोडणारा दांडा निराळ्या मापाचा घ्यावा लागतो. व्यास तीन मिलिमीटरांनीं वाढला म्हणजे चोहोंकडची भिंत दीड मिलिमीटरानें पातळ झाली. ओतकाम सर्वत्र सारखें जाड नसतें. म्हणून जाणते कारागीर ध्वनिलहरींच्या उपकरणानें भिंतीची जाडी आधीं मोजतात, आणि ती पुरेशी नसेल तर तें इंजिन हातांत धरीत नाहींत. उत्साही मनुष्य कोरून मग मोजतो. कारागीर मोजून मग कोरतो.

येथवर ऐकून मी म्हणालों, “बाळा, हीं जपानी मोठ्या मोटारींचीं गाऱ्हाणीं. आपल्या मारुतीचा त्यांच्याशीं संबंध काय?” तेव्हां त्यानें जें सांगितलें तें मला सर्वस्वीं नवीन होतें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं जी मारुति ८०० लोकांच्या हातीं पडली, तिचें इंजिन सुझुकी कारखान्याच्या ‘एफ’ कुळांतील. तीन सिलेंडर, व्यास ६८.५, धांव ७२, आकारमान ७९६ घनसेंटिमीटर. बळ चाळीस अश्वशक्तीच्याहि आंतच. ह्याच कुळांतील एक धाकटें भावंड, अवघें ५४३ घनसेंटिमीटरांचें, जपानांत १९८७ सालीं ‘आल्टो वर्क्स’ नांवाच्या चिमुकल्या मोटारींत बसविलें गेलें, आणि त्यानें ६४ अश्वशक्ति दिली! आकारानें दोनतृतीयांश आणि बळानें दीडपटीहून अधिक. सहा व्हॉल्व्हांच्या जागीं बारा, एका कॅमशाफ्टाच्या जागीं दोन, आणि टर्बोचार्जर. बाहेर फुकट जाणाऱ्या जळक्या वायूच्या जोरानें एक लहान चाक फिरतें, व तें ताजी हवा कोंबून आंत भरतें, त्यास टर्बोचार्जर म्हणतात. पुढें जपानच्या मोटारवाल्यांनीं आपसांत समजूत करून, ह्या लहान वर्गांतील मोटारींना ६४ हीच कमाल मर्यादा ठरविली. आमच्या अंगणांत निळा धूर सोडीत उभी असलेली दादांची गाडी अशा पराक्रमी कुळांतील निघाली, हें ऐकून वहिनींनाहि हसूं आलें.

आपल्या देशांतहि ह्या इंजिनानें शर्यतीचें मैदान पाहिलेलें आहे. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ह्याच मारुतीच्या इंजिनावर एकआसनी शर्यतीच्या मोटारी बांधल्या. त्या वर्गास ‘फॉर्म्युला मारुति’ म्हणत. पुढें २००५ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत उतरणारे पहिले भारतीय ठरलेले नारायण कार्तिकेयन यांनीं शर्यतींचा श्रीगणेशा ह्याच वर्गाच्या मोटारींतून केला. भाजी आणावयाच्या गाडीचें इंजिन जगाच्या मैदानाची पहिली पायरी झालें.

मुलाचा पूर्वपक्ष असा भक्कम होता. मीं पुतण्याची समजूत घातली, गोठ्याची जागा साफ करून दिली, आणि इंजिन उघडलें गेलें. हेड काढतांच सिलेंडराच्या वरच्या अंगास बोटाला लागेल एवढी कड आढळली. पिस्टनाच्या रिंगा जेथवर जातात तेथवर भिंत झिजते, त्यापलीकडे झिजत नाहीं; म्हणून ती कड राहते. आतां सिलेंडर कोरून घेणें, ज्याला येथें ‘बोअर मारणें’ म्हणतात, तें प्राप्त होतें. गोंदिया हें धानाच्या गिरण्यांचें शहर. गिरण्यांचे शाफ्ट व पुल्या दुरुस्त करणारे लेथवाले येथें पूर्वापार आहेत. त्यांतील एकाचें नांव सर्वांनीं सुचविलें. आम्ही दोघे ब्लॉक हातगाडींत घालून त्याच्या कारखान्यावर गेलों.

दारांत त्याला पाहतांच माझे पाय जड झाले. तो माझा विद्यार्थी होता. तीसएक वर्षांपूर्वीं तो माझ्या वर्गांत असे. त्याचा बाप लेथवर काम करी, व मुलगा सकाळीं त्याला हात देऊन मग शाळेंत येई. त्याच्या वहीच्या प्रत्येक पानावर तेलाचा अंगठा उमटलेला असे. एके दिवशीं ती वही मीं साऱ्या वर्गाला उंच धरून दाखविली, आणि म्हणालों, “हे हात विद्येसाठीं नाहींत.” वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्या वर्षानंतर तो शाळेंत आला नाहीं. मी त्या शब्दांचा पुढें कधीं विचारहि केला नव्हता. परंतु त्या दारांत ते मला जसेच्या तसे आठवले.

“या गुरुजी,” असें म्हणून त्यानें स्टूल पुसून दिलें. मग ब्लॉककडे वळून त्यानें माझ्या नातवास विचारलें, “काय करायचें आहे?” मुलानें आपला बेत मोठ्या हुरूपानें सांगितला. मोठा बोअर मारावयाचा, हेड घांसून दाब वाढवावयाचा, कॅमशाफ्ट बदलावयाचा, पुढें टर्बोहि बसवावयाचा. त्यानें सारें ऐकून घेतलें, हंसला नाहीं. मग एकेक प्रश्न विचारूं लागला. भिंत किती जाड आहे, मोजलीस? दाब वाढल्यावर पेट्रोल आपोआप जागोजाग पेटून टकटक वाजूं लागेल, पिस्टनाला भोंक पडेल, तेव्हां काय करशील? कॅमशाफ्ट असा बसविलास कीं व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतील, तर वेगांत जोर येईल खरा, पण बाजारांतून हळू जातांना इंजिन अडखळेल, आजीला चालेल? बळ दुप्पट झालें तर उष्णता वाढेल, रेडिएटर तोच? क्लच तोच? आणि ब्रेक?

शेवटच्या प्रश्नावर मुलगा खालीं पाहूं लागला. तेव्हां तो कारागीर म्हणाला, “इंजिनांत एक वस्तु वाढविली कीं दुसऱ्या कोणावर तरी तिचा भार पडतो. तो कोणावर पडेल हें आधीं सांगतां आलें तर जरूर वाढव. आणि आधीं तें जसें होतें तसें करून दाखव. जसें होतें तसें ज्याला करतां येत नाहीं, त्याला दुसरें कांहीं करतां येणार नाहीं.”

माझ्या उभ्या आयुष्यांत व्याकरणाचा ह्याहून चांगला पाठ मीं कोणाच्या तोंडून ऐकला नाहीं. अपवाद सांगावयाचा तर उत्सर्ग आधीं ठाऊक पाहिजे, हेंच तर आम्ही मुलांना सांगत आलों.

येथें कायद्याचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हीच गोष्ट स्पष्ट केली. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना निराळी नोंदणी मिळते. पण तीसुद्धां मोटार मूळ स्वरूपांत राखलेली असेल तरच. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर जीर्णोद्धारच शास्त्रसंमत आहे. परिवर्तनाची हौस असेल तर तिला शर्यतीचें बंदिस्त मैदान हेंच उचित क्षेत्र. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘बाहा’ व ‘सुप्रा’ अशा नांवांच्या स्पर्धा एस.ए.ई. इंडिया ही संस्था भरविते. तेथें मुलें स्वतः मोटार बांधून, परीक्षकांपुढें तिचें समर्थन करून, मग ती चालवितात. मुलांच्या हौसेला नुसतें ‘नाहीं’ म्हणण्यापेक्षां असें क्षेत्र दाखवून देणें हें वडीलधाऱ्यांचें काम होय.

मोजणीस आरंभ झाला. मूळ व्यास ६८.५० मिलिमीटर असावयाचा. वरच्या अंगास तो ६८.७१ भरला, खालच्या अंगास पुष्कळ कमी. म्हणजे नळी गोल राहिली नव्हती, सरळहि राहिली नव्हती. मोठ्या मापाचे पिस्टन पाव मिलिमीटराच्या पायरीनें मिळतात. ६८.७५ ची पायरी घेतली तर झीज पुरती निघण्यास जागा उरत नव्हती; म्हणून ६९.०० ठरलें. त्यानें आकारमान वाढून ८०८ घनसेंटिमीटरांच्या आसपास झालें. “आजोबा, बारा घनसेंटिमीटर तरी वाढले!” असें मुलगा म्हणाला, आणि तो कारागीर प्रथमच हंसला.

तो लेथवर ब्लॉक बांधीत असतां, मुलगा चहा सांगावयास बाहेर गेला. मीं मनाचा हिय्या केला आणि म्हणालों, “वर्गांत मीं तुझी वही सर्वांना दाखविली होती. तें माझें बोलणें चुकीचें होतें.” त्यानें हातांतील काम थांबविलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, “हो गुरुजी, लागलें होतें.” बस्स, एवढेंच. त्यानें तें नाकारलें नाहीं, कीं माझी समजूत घालण्यासाठीं ‘मी विसरलों’ असेंहि म्हटलें नाहीं. मग हात पुसून मायक्रोमीटर माझ्या हातांत दिला व म्हणाला, “वाचा.”

मीं वाचलें, आणि चुकलों. फिरत्या नळीवरील एक पूर्ण फेरा मोजावयाचा राहून गेला होता. अर्ध्या मिलिमीटराची चूक. चाळीस वर्षें इतरांच्या चुका लाल शाईनें दाखविणारा मी, आपल्या विद्यार्थ्यासमोर ओशाळून उभा होतों. परंतु त्यानें उपकरण वर धरून कोणास दाखविलें नाहीं. “आधीं उभी रेघ पाहायची, मग गोल,” असें हलक्या आवाजांत सांगून पुनः माझ्याच हातीं दिलें. दुसऱ्या खेपेस माप बरोबर आलें. शिकवावें कसें हें त्या दिवशीं मला कळलें.

पुढील काम नातवानें गोठ्यांत केलें. मीं सुटे भाग कागदावर नांवें लिहून ओळीनें मांडण्याचें काम केलें. कोरलेल्या सिलेंडराच्या भिंतीवर होनिंगनें तिरप्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्या दिसावयास ओरखडे, पण वंगण धरून ठेवण्याचें काम त्यांचें. पिस्टन व भिंत यांमधील अंतर केसाच्या जाडीहूनहि कमी. रिंगांच्या फटी एका ओळींत आल्या तर त्यांतून दाब निसटतो, म्हणून त्या निरनिराळ्या दिशांना फिरवून बसवावयाच्या. हेडाचे बोल्ट एकदम आवळावयाचे नाहींत. मधून आरंभ करून बाहेरच्या अंगास, आणि तेहि दोन-तीन फेऱ्यांत, ठरल्या जोरानें. घाईनें एका कोपऱ्यांत आवळलें तर हेड वांकतें. एकत्र कुटुंब चालविणाऱ्यांनीं हा नियम ध्यानीं धरण्यासारखा आहे, असें वहिनी म्हणाल्या. आणि माझ्या पुतण्यानें, जो एव्हांना रोज संध्याकाळीं बाह्या सारून गोठ्यांत येऊं लागला होता, मुकाट्यानें मान डोलविली.

आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतून मुलगा अभियंता व्हावा अशी इच्छा सर्वांचीच असते; पण त्याच्या नखांत काळें दिसूं नये अशीहि असते. ह्या दोन इच्छा एकमेकींशीं विसंगत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. तें सोडून त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या घराण्याच्या उद्योगांतूनच पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. त्यांचें नांव आपण अभिमानानें घेतों. मात्र आपल्याच घरीं मुलानें स्पॅनर उचलला तर ‘अभ्यास सोडून हें काय?’ असें विचारतों. पुस्तकांत वाचलेल्या एकाद्या सूत्राची प्रचीति हातानें घेणें हा अभ्यासाचा त्याग नव्हे, तो अभ्यासाचा शेवटचा अध्याय आहे. आणि जो मुलगा हातापासून आरंभ करून सूत्रापर्यंत येऊं पाहतो, त्याला वर्गांतून घालवून देणें हें तर शिक्षकाचें पापच होय. मीं तें केलें आहे, म्हणून हें लिहिण्याचा अधिकार सांगतों.

जूनच्या पहिल्या पावसाआधीं गाडी सुरू झाली. पहिले हजार किलोमीटर तिला जपून, मध्यम वेगानें चालवावयाचें, म्हणजे रिंगा भिंतीशीं नीट जुळतात, असें कारागिरानें बजावलें होतें. त्या नियमास धरून पहिली फेरी गोंदियाजवळच्या नागरा येथील महादेवाच्या दर्शनाची झाली. चालविणारा नातू, शेजारीं वहिनी, मागें आम्ही दोघे काका-पुतणे. धूर नव्हता. त्या जुन्या मंदिराच्या आवारांत वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, आवाज अगदीं त्यांच्या वेळेसारखा आहे.” दुप्पट बळ मिळालें असतें तर हें वाक्य ऐकावयास मिळालें नसतें, हें मुलाच्याहि ध्यानीं आलें असावें, कारण परत येतांना तो फार हळू चालवीत होता.

त्याची हौस मात्र गेलेली नाहीं, आणि जाऊंहि नये. सध्यां कॉलेजांतील मुलांबरोबर तो शर्यतीची मोटार बांधण्याच्या खटपटींत आहे; टर्बोचार्जर त्याच्या वहींत अजून आहेच, पण आतां त्या पानावर रेडिएटर, क्लच व ब्रेक यांचींहि गणितें आहेत. दर शनिवारीं तो गोंदियास येतो तेव्हां लेथच्या कारखान्यावर दोन तास जातो. कारागिराचा धाकटा मुलगा यंदा नववींत आहे व त्याला संस्कृत अवघड जातें. रविवारीं सकाळीं तो माझ्याकडे येतो. त्याच्या वहीवर कधींमधीं तेलाचा अंगठा उमटलेला असतो. त्या पानावरील उत्तर बरोबर असलें म्हणजे मी त्या अंगठ्याशेजारींच खूण करतों.